साळ्याची पत्र्याची नळी

अख्ख्या वऱ्हाडात भिंतीवर जीव टाकणारा माणूस एकच झाला आणि तो नेमका माझा साळा निघाला. कोणी बायकोवर जीव टाकतो, कोणी बैलजोडीवर, कोणी पत्त्यांवर. हा भिंतीवर टाकायचा. रस्त्यानं चालता चालता मधेच थांबेल, भिंतीला तळहात लावेल, मग कान लावेल, आणि आत कोणी बोलत असल्यासारखी मान डोलावून म्हणेल, "भाऊजी, ही भिंत खानदानी आहे. हिच्यावर दंतमंजनाची जाहिरात कोणं लावली बे? त्याले जेलात टाका." एकदा त्याला नांदगाव खंडेश्वरला मुलगी दाखवायला नेलं. मुलीकडच्यांनी पोहे दिले, मुलगी आली, बसली, उठून गेली. परत येताना बैलगाडीत माझ्या बायकोनं विचारलं, "कशी वाटली?" हा म्हणाला, "दक्षिणेकडची थोडी फुगली होती, पण पूर्वेकडची एकदम सपाट, चुन्याची, अशी भिंत आता कोणी बांधत नाही." त्यानंतर त्याच्या लग्नाचा विषय आम्ही काढला नाही. मुलीच्या बापानंही नाही.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे खळ गाळणं. रविवारची दुपार होती. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, जाऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. ती होती तोवर पोस्टरं चिकटवायची खळ तीच शिजवायची आणि तिच्या खळीत गुठळी शोधायला भिंग लागलं असतं. माझ्या खळीत खडे निघतात. म्हणून तिच्याच एका जुन्या लुगड्याचा तुकडा साळ्यानं दोन्ही हातांनी ताणून धरला आणि मी वरून भांडं ओतलं.

"भाऊजी, ही खळ आहे का भज्याचं पीठ?"

"तू धर गुमान."

मग शिडी माझ्या खांद्यावर, बादली त्याच्या हातात आणि काखेत त्याची ती पत्र्याची नळी, अशी आमची वरात कापूस पिंजायच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या लांब भिंतीपाशी गेली. नळीत दोन पोस्टरं होती. एक अमेरिकेचं, एक रशियाचं, दोन्ही मुक्या सिनेमाच्या काळातली. ती एका भिंतीवर शेजारी शेजारी लावायची, एवढंच काम होतं. ते काम आम्ही आठ-नऊ वर्षं करत होतो. साळ्यानं भिंतीला हात लावला, कान लावला, नळीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं.

"आज भिंत तापली आहे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी."

घरी आलो, चहा प्यालो. मी त्याला वांगी दिली, ज्वारीचं पीठ दिलं. दोन्ही हात भरले तेव्हा दारात घोटाळला आणि म्हणाला, "नळी राहू द्या तुमच्यापाशी. येतोच न मी रविवारी." इतक्या वर्षांत ती नळी त्यानं कधी काखेतून काढली नव्हती. मी आपलं "ठेव तिकडं कोपऱ्यात" म्हणालो आणि भांडी घासायला बसलो.

आता हा कोण, ते नीट सांगतो. आमच्या मालकाच्या दोन टॉकीज होत्या, एक अमरावतीला, एक अकोल्याला. साळा अमरावतीला पेंटर. टॉकीजवरचा मोठा कापडी बोर्ड रंगवायचा, आणि मुंबईहून छापील पोस्टरं कमी आली की उरलेली हातानं काढायचा. मी अकोल्याला पोस्टरं चिकटवायचो. माझं शिक्षण दुसरी, तेही मास्तर दयाळू होता म्हणून. मला अक्षरं लागतात, पण एकेक करून, मोजल्यासारखी. तर मी दर आठवड्याला गठ्ठा आणायला अमरावतीला जायचो तिथं याची माझी ओळख. एकदा हा अकोल्याला आला, माझ्यामागं गावभर फिरला, मी लावलेल्या प्रत्येक पोस्टरचे चारही कोपरे नखानं उचकून पाहिले आणि परत गेला. महिन्याभरानं माझ्यासाठी त्याच्या बहिणीची बोलणी सुरू झाली. सासरे स्वभावानं संशयी. त्यांनी याला विचारलं, पोरगा कसा आहे? हा म्हणाला, "कोपरे उचलत नाही." एवढ्यावर माझं लग्न झालं.

बायकोला एक अक्षर येत नव्हतं, पण खळ अशी शिजवायची की मी लावलेलं पोस्टर काढायला पाथरवट बोलवावा लागला असता. मैदा, पाणी, मंद जाळ आणि शेवटी चिमूटभर मोरचूद. मोरचूद कडू आणि विषारी. तो असला की बकऱ्या पोस्टर चाटत नाहीत. एकदा वाण्याकडचा मोरचूद संपला होता आणि बाजारपेठेतली अकरा पोस्टरं बकऱ्यांनी दुपारपर्यंत कमरेपर्यंत खाल्ली. साळ्यानं वही काढून लिहून घेतलं की बकरीनं व्हिलन आधी खाल्ला की हिरो. मी म्हटलं, बाबा, जो खाली होता तो आधी खाल्ला. त्याला ते पटलं नाही. "जनावराले बी नजर अस्ते, भाऊजी," म्हणाला.

अमेरिकेचं पोस्टर त्याला मोर्शीत सापडलं. तिथल्या एका संत्र्यांच्या व्यापाऱ्याचा बाप मुक्या सिनेमाच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव फिरायचा. पडदा, कंदील, एक पेटीवाला, एक तबलेवाला आणि गोष्ट समजावून सांगायला एक मोठ्या आवाजाचा माणूस. साळा तिथं दुकानाची पाटी रंगवायला गेला आणि गोदामात एका कपाटामागं त्याला कागदांची चळत दिसली. सगळी वाळवीनं खाल्लेली, मधलं एकच पोस्टर जसंच्या तसं. निळ्या झग्यातली एक गोरी बाई जिन्यावर उभी, हात छातीशी, गाल मृग बहाराच्या संत्र्यासारखे, मान वळवून पोस्टरच्या बाहेर कोणाकडं तरी पाहते आहे. खाली नटाचं नाव एवढं मोठं की बाईचे पाय त्यातच गेले. साळ्यानं मजुरी नको म्हटलं, पोस्टर घेतलं आणि मूर्तिजापूरमार्गे आमच्याकडं आला तो दारातूनच ओरडत. "बाई! दगडावर काढून छापलं आहे हे! आठ रंग! आठ दगड! एका गालासाठी तीन!"

बाई म्हणजे माझी बायको. हात कणकेत होते तिचे. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "गाल चांगले हायेत. पण ही पाहून कोणाकडं राहिली?"

"थे अमेरिकेवाल्यांले विचार."

"तू इचार. तुले लय कळते."

रशियाचं पोस्टर नागपूरला मिळालं. दीक्षा घेतल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. दीक्षेचा दिवस म्हणून दसऱ्याला आम्ही तिघंही पांढरे कपडे घालून नागपूरला गेलो होतो. लाखो माणसांच्या गर्दीत हा हरवला. बायकोनं मैदानभर शोधलं, मी स्टेशनभर. संध्याकाळी सापडला तो एका हॉलच्या पायरीवर, पांढऱ्या सदऱ्याला काळा-लाल रंग, तोंडावर हसू. तिथं रशियन लोकांचं प्रदर्शन लागलं होतं, ट्रॅक्टर, धरणं, गव्हाची शेतं यांच्या फोटोंचं. याला त्यातलं काही नको होतं. याला टेबलावर एक जाड पुस्तक दिसलं, मुक्या सिनेमाच्या पोस्टरांचं. तीन तास उभ्यानं पाहिलं, वहीत उतरवून घेतलं. तिथला दुभाष्या वैतागला, मग त्याला मजा वाटू लागली. शेवटी त्यानं आत नेऊन एक खोकं दाखवलं. खोक्याच्या तळाला, ट्रॅक्टरचे फोटो घासू नयेत म्हणून, एक जुनं पोस्टर अंथरलेलं होतं. दुभाष्या म्हणाला, ही तर रद्दी आहे, घेऊन जा. साळा मला नंतर नेहमी सांगायचा, "पाहा भाऊजी, अमेरिकेचं कपाटामागं, रशियाचं खोक्याखाली. दोघांची कदर सारखी."

पण दोघांची तऱ्हा अगदी वेगळी. रशियाच्या पोस्टरात रंग दोनच, काळा आणि लाल, तिसरा कागदाचा स्वतःचा. एका माणसाचा अर्धाच चेहरा, उरलेला कागदाच्या काठानं कापलेला. एक डोळा, तो तिरपा. खाली चक्राकार जिना आणि त्यावरून पडणारा एक इवलासा माणूस. आणि अक्षरं! अक्षरं उतारावर घसरल्यासारखी, सगळी वाकडी. मला वाटलं छापखान्यात कोणी तरी प्यालेला होता. बायकोनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हा बारका पडून राहिला."

"बरोबर!" साळा नाचला.

"आन् हा मोठा त्याच्याकडं पाहून राहिला नाही. मानूस मरून राहिला आन् हा मेला तिसरीकडंच पाहते. कुठं पाहते?"

"थे रशियावाल्यांले..."

"तू गप."

त्या दिवसापासून आमच्या घरात दर खेपेला रशिया-अमेरिका सुरू झालं. साळा अमरावतीहून यायचा, नळी उघडायचा आणि बहिणीला न्यायाधीश करून बसवायचा. तो म्हणायचा, पोस्टर शिकलेल्या माणसासाठी नसतेच, शिकलेला माणूस पेपरात वाचून येते. पोस्टर ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी, म्हणून बाईचं मत खरं. पोस्टरं इतकी वर्षं गुंडाळलेली की सोडली की टरकन मिटायची. एका पोस्टरचे दोन कोपरे तो धरायचा, दोन मी. चार कोपरे, चार हात. दुसरं पोस्टर उघडायला हात उरायचे नाहीत आणि बायकोचे हात कणकेचे. म्हणून ती एकामागून एकच पाहायची. अमेरिका गुंडाळायची, मग रशिया.

"अमेरिकेवाला पाहुणचार करते, बाई," साळा सांगायचा. "तुले बसवते, पाणी देते, ओळख करून देते. ही पोरगी, हा तिचा होणारा, अन् तो मागचा, त्याची नजर चांगली नाही. सगळं नीट. रशियावाला रस्त्यात कॉलर धरते. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, म्हणते, चल!"

"मंग थो तुह्या भाऊजीसारखा आहे," बायको म्हणायची. मी कोपरा सोडून द्यायचो.

दुभाष्यानं त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांनी आमच्या मालकाच्या धंद्याची वाट लावली. पहिली, रशियातल्या पेंटरांना पुष्कळदा सिनेमा पाहायला मिळायचाच नाही, तरी ते पोस्टर काढायचे. झालं. साळ्यानं सिनेमे पाहणं सोडून दिलं. एका घरगुती रडक्या सिनेमाच्या पोस्टरवर त्यानं धावती आगगाडी काढली, अशी की बाजारातली म्हैस बिचकली. लोक गर्दी करून आले, तीन तास बसले, गाडी काही आली नाही. शेवटच्या खेळानंतर माणसं उठेनात. म्हणाले, गाडी पाहिल्याशिवाय जात नाही. डोअरकीपरनं शेवटी तोंडानं शिटी वाजवली तेव्हा हसत हसत घरी गेले. दुसरी गोष्ट, अमेरिकेत पोस्टरवर नटाचं नाव असतं आणि चित्र काढणाऱ्याचं कुठंच नाही. रशियात मात्र पेंटर कोपऱ्यात स्वतःचं नाव घालतो. साळ्यानंही घातलं. कोपऱ्यात घातलं असतं तर चाललं असतं. यानं "पेंटर, अमरावती" असं मधोमध, लाल रंगात घातलं. लोक खिडकीवर येऊन विचारू लागले, "पेंटर अमरावती कधी लागून राहिला जी? मारामारी आहे न त्यात?"

पण खरा घोळ माझ्या हातून झाला. आणि तो घोळ पोस्टर चिकटवणाराच करू शकतो, दुसरा कोणी नाही. त्या आठवड्यात मुंबईचा गठ्ठा आला नव्हता. साळ्यानं दोन दिवसांत पंधरा पोस्टरं हातानं काढली, सगळी रशियाच्या तऱ्हेनं, आणि गाडीत टाकून अकोल्याला पाठवली. मी सकाळी भिंतीला खळ फासली, पोस्टर लावलं, शिडीवरून उतरून मागं जाऊन पाहिलं तर अक्षरं वाकडी. पंधरा वर्षांत माझ्या हातून वाकडं पोस्टर लागलं नव्हतं. अक्षरांची खालची ओळ जमिनीशी सरळ आली पाहिजे, एवढाच माझा धर्म. मी ओलं पोस्टर भराभर सोडवलं, कागद चांगला तिरपा केला आणि अक्षरं सरळ करून चिकटवलं. मग उरलेली चौदाही तशीच. दुपारी दमून घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "तुह्या भावाची अक्षरं आज लय वाकडी होती. सरळ करून आलो."

दुसऱ्या दिवशी मालक टांग्यातून गाव फिरले आणि सरळ माझ्या दारात. "ये क्या है? मेरी हिरोइन आडी क्यूं सोयी है? हिरो उसपे गिरा क्यूं है? इज्जतदार गाव आहे बाबा हे!"

"शेटजी, अक्षरं पाहा न. एकदम सरळ."

ते डोक्याला हात लावून माझ्याच ओट्यावर बसले. बायकोनं पाणी दिलं. संध्याकाळच्या गाडीनं साळा आला. त्याला कोणी तरी कळवलं होतं. त्यानं टांगा केला आणि पंधराही भिंती पाहिल्या. मी घरामागं, शिडीच्या आड. त्याचा आवाज आला, "भाऊजी कुठं आहेत?" बायको म्हणाली, "मागं. मारू नको, जेवले नाही अजून." तो मागं आला. त्याच्या डोळ्यांत पाणी. माझ्या पायावरच वाकला. "भाऊजी, रशियात कागद सरळ ठेवून चित्र तिरपं काढतात. तुमी कागदच तिरपा केला! हे रशियालेही सुचलं नाही!" नशीब असं की गावातली माणसं माना वाकड्या करून पोस्टर पाहायची, मग कोण कोणावर पडलं, का पडलं हे पाहायला टॉकीजला यायची. आठवडाभर गर्दी. मालकांनी आम्हाला ठेवलं, पण बजावलं, "आता दोघं भेटू नका."

दोघं भेटायचोच. आणि दर भेटीत ती नळी. मूर्तिजापूर स्टेशनवर एका हवालदाराला वाटलं ही बंदूक आहे. त्यानं उघडायला लावली. साळ्यानं त्याच्याच हातात निळ्या झग्यातल्या बाईचे दोन कोपरे दिले आणि दगडी छपाईवर बोलू लागला. आमची छोटी आगगाडी, शकुंतला, येऊन गेली. तिच्यातून उतरणारा कोणी तरी चोर पकडायला हवालदार आला होता, तोही निघून गेला. हवालदार शेवटी म्हणाला, "गाल मात्र चांगले हायेत," आणि कोपरे परत दिले.

आता त्या भिंतीचं सांगतो. रशियाचं पोस्टर आलं त्याच दिवशी साळा म्हणाला होता, ही दोन्ही शेजारी शेजारी लावायची, रस्त्यावर उभं राहून पाहायचं लोक कोणापाशी थांबतात. न चिकटवलेलं पोस्टर म्हणजे नुसता कागद, असं तोच म्हणायचा. पण एकदा लावलं की संपलं. माझ्या बायकोच्या खळीतून पोस्टर परत निघत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? कोपरे त्यानंच उचकून पाहिलेले. म्हणून दर खेपेला खळ तयार, शिडी तयार, भिंत पसंत, आणि हा झाकण उघडून आत पाहायचा आणि मागं सरायचा. कधी वारा आहे. कधी ओल आहे. कधी समोरच्या हॉटेलवाल्याचा चेहरा बरोबर नाही. एकदा म्हणाला, आज रशियाचं मन नाही. उरलेली खळ बायको शेजारच्या पोरांच्या पतंगांना वाटून टाकायची.

तिला त्याची ही तऱ्हा सहन होत नव्हती. कोणतं चांगलं ते सांग, असा तो तिच्यामागं लागायचा आणि ती एकच सांगायची, "आधी भिंतीवर लाव, मंग सांगीन. घरात धरून सगळंच चांगलं दिसते." एकदा तिनं आपली पेटी उघडली. लग्नात मिळालेलं हिरवं लुगडं काढून त्याच्यापुढं टाकलं. जपून जपून ठेवलेलं, एकदाही नेसली नव्हती. घडीघडीला कसर लागून जाळी झालेली. "पाह्य," ती म्हणाली. "हे मी ठेवून पाह्यलं." तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी नक्की, बाई." त्या लुगड्यातला जो चांगला तुकडा निघाला, तो तिनं खळ गाळायला घेतला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि पंधरा दिवसांत गेली. खाटेवरूनसुद्धा तिनं त्याला विचारलं, "लावलं का?" त्यानं मान हलवली, तीही अशी की हो का नाही, कळू नये. ती हसली. तिला कळलं होतं. मला त्याचा तेव्हा फार राग आला. दोन महिने बोललो नाही. मग तो एका रविवारी आला, चुलीपाशी बसला, पातेल्यात मैदा घेतला आणि ढवळत बसला. खळ करपली. घरभर वास. "बाई कशी करत होती?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मले माहीत नाही. मी कधी पाह्यलंच नाही." मग आम्ही दोघं त्या करपलेल्या भांड्याला हसलो. किती तरी हसलो. शेजारीण डोकावून गेली.

तर असं. त्या शेवटच्या रविवारी तो वांगी आणि पीठ घेऊन गेला. बुधवारी अमरावतीच्या डोअरकीपरनं निरोप आणला. साळा बोर्डापुढं स्टुलावर बसला होता, ब्रश हातात, एक गाल रंगवून झालेला. चहा द्यायला गेले तर बसल्या जागी गेलेला. मी लगेच निघालो, त्याचं सगळं केलं, गुरुवारी रात्रीच्या गाडीनं परत आलो. पिठाची पिशवी त्याच्या खोलीत खुंटीला तशीच होती. वांगी त्यानं खाल्ली होती.

शुक्रवारी सकाळी उठलो. चूल पेटवली, मैदा घेतला, मंद जाळ ठेवला. हात दुखेपर्यंत ढवळलं. चिमूटभर मोरचूद टाकला. लुगड्याचा तुकडा दोन विटांखाली दाबून, तिसरा कोपरा दातात धरून, खळ गाळली. मग शिडी, बादली आणि काखेत नळी. जिनिंगच्या भिंतीला मी हात लावला नाही, कान लावला नाही. झाकण उघडून आत पाहिलं असतं तर माझंही तेच झालं असतं. उजव्या बाजूला थोडी ओल होती आणि अमेरिकेचा कागद पातळ, म्हणून ते डावीकडं लावलं, रशियाचं उजवीकडं. रशियाच्या अक्षरांना हात लावला नाही, वाकडी ती वाकडीच ठेवली. चारही कोपरे दाबले, आठही. शिडी उतरलो, रस्ता ओलांडून समोर उभा राहिलो आणि डोळे पुसायला धोतराचा सोगा शोधत होतो, तेवढ्यात बाजाराकडं निघालेली एक भाजीवाली भिंतीपुढं थांबली. डोक्यावर मेथीचं टोपलं. म्हातारी, माझ्याच वयाची. टोपलं खाली ठेवलं. एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं.

मी रस्ता ओलांडून परत गेलो. "कोणतं चांगलं आहे व, माय?"

"कोणतं म्हंजे?" ती म्हणाली. "हे दोघं तं एकमेकाकडं पाहून राहिले न जी."

मी पाहिलं. निळ्या झग्यातली बाई मान वळवून उजवीकडं पाहत होती, आणि पलीकडून तो अर्धा चेहरा, त्याचा तो एक तिरपा डोळा, थेट तिच्याकडं. मधे चार बोटं भिंत. आठ-नऊ वर्षं आम्ही दोघं चार कोपरे धरून उभे होतो आणि ही दोघं एका नळीत एकमेकांना पाठ लावून गुंडाळलेली होती.

"नवरा-बायको हायेत का?" म्हातारीनं विचारलं.

"नाही. ती अमेरिकेची आहे, तो रशियाचा."

"असं का?" तिनं विचार केला. "मंग लेकरं कोणती बोली बोलतीन?"

मला हसू फुटलं. भर रस्त्यात, एकट्यानं, पोट धरून. आणि हसता हसता मी मागं वळलो, हे साळ्याला सांगायला. मागं हॉटेलवाला फळ्या उघडत होता, बाकी रस्ता मोकळा होता. मी म्हातारीच्या टोपल्याला हात लावून ते तिच्या डोक्यावर दिलं, बादलीत उरलेली खळ हातानं काढून रशियाच्या एका कोपऱ्याला आणखी थोडी लावली आणि घराकडं निघालो.